सायकलच्या चाकातलं पाऊल

लहान लेकराचा पाय सायकलच्या चाकात गेला की आपल्या वस्तीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "नजर लागली पोराला." आणि दुसरं, "आईचं लक्ष कुठं होतं?" पहिल्या वाक्यात दोष नशिबाला जातो, दुसऱ्यात बाईला. ज्या सायकलवर ते मूल बसलं होतं, तिच्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

ही दोन्ही वाक्यं सोडायला आपण धम्माच्या वाटेवर आलो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केलं की दुःख दूर होतं, हे आपण विहारात दर रविवारी ऐकतो. मग या दुःखाचंही कारण शोधायला हवं. ते शोधायला फार लांब जायची गरज नाही. घरासमोर उभ्या असलेल्या सायकलच्या मागच्या चाकाजवळ खाली बसा आणि कॅरिअरपासून आसापर्यंत पाहा. तिथे उघडं फिरणारं चाक आहे, त्याच्या तारा आहेत, आणि नेमकं त्याच उंचीवर कॅरिअरवर बसलेल्या मुलाचं पाऊल लोंबकळतं. पाय ठेवायला जागा नाही, मध्ये जाळी नाही. कारण इतकं उघडं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. सायकलवर मूल नेणाऱ्या आईला बोल लावणं बंद करा आणि ते मूल सुरक्षित बसेल अशी सायकल तिला मिळवून द्या. हे काम थोडं घरचं आहे, थोडं विहाराचं, आणि बरंच सरकारचं.

मूल सायकलवर का असतं?

सकाळी साडेसहा-सातला इंदोरा, पाचपावली किंवा रामेश्वरीच्या एखाद्या चौकात उभं राहून पाहा. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्सकडे घरकामाला निघालेल्या बाया दिसतील. कोणी स्वयंपाकाला, कोणी दवाखान्याच्या साफसफाईला. त्यांतल्या कितीतरी जणींच्या कॅरिअरवर घडी घातलेला टॉवेल असतो आणि त्यावर तीन-चार वर्षांचं लेकरू, आईची कंबर धरून, अर्धवट झोपेत. आधी त्याला आजीकडे किंवा मावशीकडे सोडायचं, मग कामावर जायचं. बाप नेत असेल तर मूल पुढे दांडीवर असतं, कधी दांडीला पक्की केलेल्या छोट्या सीटवर.

"मग नेऊ नये सायकलवर," असं म्हणणारे सल्लागार पुष्कळ आहेत. त्यांना माझा प्रश्न आहे, नेऊ नये तर कुठे ठेवावं? अंगणवाडीचं पूर्वशिक्षण तीन वर्षांनंतरचं आणि तेही काही तासांचं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? तिचे चार मालक चार सोसायट्यांत राहतात आणि कायद्याच्या हिशेबात ती कुठेच बसत नाही. ऑटोचं दोन वेळचं भाडं दिलं तर तिच्या त्या दिवसाच्या कमाईला भोक पडतं. म्हणून मूल कॅरिअरवर असतं. तो तिचा निष्काळजीपणा नाही. तिला दुसरी सोय मिळालेली नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि सुमारे २१ टक्के घरांत स्कूटर किंवा मोटारसायकल. त्यानंतर गाड्या वाढल्या, हे खरं. पण आपल्या घरांत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. घरात गाडी आली की ती नवरा किंवा मोठा मुलगा घेऊन जातो आणि जुनी सायकल बाईच्या वाट्याला येते. एकेकाळी एम्प्रेस मिलची पाळी सुटली की रस्ताभर पुरुषांच्या सायकली दिसत. आज त्याच शहरात कामाला निघालेली सायकल पुष्कळदा बाईची असते.

आणि बाईचं सायकल चालवणं ही साधी गोष्ट नाही. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने गावोगावच्या बायांना सायकल शिकवली आणि हजारो जणी पहिल्यांदा कोणाच्या परवानगीशिवाय बाजाराला, शाळेला, दवाखान्याला गेल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. त्या सायकलींवर शिकलेल्या मुली आज आया झाल्या आहेत. त्यांच्या कॅरिअरवर आता दप्तराच्या जागी मूल आहे. मूल झालं म्हणून त्यांनी सायकल सोडून पुन्हा कोणावर तरी अवलंबून राहावं का? माझ्या मते मुळीच नाही.

चाक काय करतं

आरोग्याचं पान आहे, म्हणून इजेबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सव्वीस इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर असतो. बाई ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने जात असेल, म्हणजे अगदी आरामात, तरी ते चाक सेकंदाला दीडपेक्षा जास्त वेळा फिरतं. चाकाला छत्तीस तारा असतील तर एका सेकंदात पन्नासहून जास्त तारा एका जागेवरून जातात. मूल पेंगतं, पाय आत वळतो आणि टाच तारांत जाते. तार पाऊल ओढून वर नेते आणि चाकाच्या दोन बाजूंना असलेल्या लोखंडी चिमट्यावर नेऊन दाबते. एकीकडून तार कापते, दुसरीकडून चिमटा चिरडतो. आई ब्रेक लावेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं.

म्हणून ही जखम कापल्याची किंवा खरचटल्याची जखम नसते. तिच्यात तीन गोष्टी एकदम होतात. कातडी फाटते, खालचं मांस चिरडतं, आणि वरून शाबूत दिसणारी कातडी खालच्या थरापासून सुटते. टाचेच्या मागे पोटरीला जोडणारी जाड शीर असते, ती उघडी पडू शकते. घोट्याचं हाड मोडू शकतं. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ थर असतो. त्याला धक्का लागला तर पुढे पाय वाकडा वाढण्याची किंवा आखूड राहण्याची शक्यता असते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ही जखम पहिल्या दिवशी लहान दिसते. चिरडलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, पण ते लगेच कळत नाही. दोन-तीन दिवसांनी ती निळसर पडते, मग काळी. नोकरीच्या वर्षांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. पहिल्या दिवशी गल्लीतल्या दवाखान्यात दोन टाके आणि एक पट्टी, पाचव्या दिवशी पट्टी सोडली की आत काळी पडलेली टाच आणि वास. मग ती मेलेली कातडी काढणं, मांडीची कातडी लावणं, आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग. तेवढे दिवस आईचं काम बंद. कामवालीला आजारी लेकराची रजा देणारी मालकीण विरळा, म्हणजे चारपैकी दोन घरं तरी सुटतात. टाचेवर लावलेली कातडी मूळच्या कातडीइतकी जाड नसते. मूल शाळेत जाऊ लागलं, बूट घालू लागलं की ती पुन्हा पुन्हा सोलते. पावलाची एक इजा घराचं सहा महिन्यांचं गणित मोडते.

असं झालं तर काय करायचं

सायकल ताबडतोब थांबवा. पाय अडकलेला असेल तर ओढू नका आणि चाक जोराने उलटं फिरवू नका, त्याने इजा वाढते. मुलाला कोणीतरी उचलून धरा म्हणजे त्याचं वजन त्या पायावर येणार नाही. जवळच्या सायकल दुकानातून माणूस बोलवा. तार कापून किंवा चाक सैल करून पाय मोकळा करा. एक तार चार-दोन रुपयांची असते, तिची काळजी करू नका.

पाय सुटल्यावर चप्पल-मोजा हळूच काढा आणि नळाच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने जखम भरपूर धुवा. सायकलचं ग्रीस, माती, चपलेचे तुकडे तिच्यात असतात. हळद, चहापत्ती, टूथपेस्ट, राख, चुना, यांतलं काहीही लावू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ धुतलेल्या कापडाने दाबून धरा. पट्टी करकचून बांधू नका. पाय उशीवर उंच ठेवा.

मग दवाखाना. कातडी उघडी पडली असेल, टाच किंवा घोटा सुजला असेल, मूल पाय टेकवत नसेल, तर गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका, सरळ मेडिकल किंवा मेयो गाठा. जखम लहान दिसली तरी एक्स-रे काढण्याबद्दल विचारा. लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. धनुर्वाताची लस देणाऱ्या त्रिगुणीचा पहिला बूस्टर डोस सोळा ते चोवीस महिन्यांत आणि दुसरा पाच ते सहा वर्षांत असतो, तो झाला की नाही हे डॉक्टरांना कळायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन दिवसांनी जखम पुन्हा दाखवा, दुखत नसलं तरीही. बोटं गार किंवा निळी पडली, कातडी काळी पडली, वास आला, ताप आला, तर दोन दिवसही थांबू नका.

आपल्या समाजासाठी आणखी एक गोष्ट. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि आपल्या बौद्ध घरांत हा आजार किती खोल गेला आहे हे वेगळं सांगायला नको. मुलाला सिकलसेल आजार असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कार्ड दाखवा. अशा मुलाला जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची वेळ आली तर आधी वेगळी तयारी करावी लागते, आणि दुखणं नुसतं जखमेचं आहे की क्रायसिसचं हेही पाहावं लागतं.

सायकलवर नेतानासुद्धा सिकलसेलच्या मुलाचा वेगळा विचार करावा लागतो. पॅडल मारणाऱ्या आईचं अंग गरम होतं, मागे बसलेलं मूल स्थिर असतं आणि त्याला वारा लागत राहतो. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी थंडीने क्रायसिस सुरू व्हायला एवढं पुरतं. टोपी, मोजे, हातमोजे आणि छातीवर कापड बांधल्याशिवाय निघू नका. मे महिन्यात उलट. पारा पंचेचाळिसावर असताना मुलाच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, म्हणून पाण्याची बाटली बरोबर हवीच आणि दुपारची फेरी शक्यतो टाळावी. उन्हात उभ्या राहिलेल्या लोखंडी कॅरिअरवर कापड टाकल्याशिवाय कोणत्याच मुलाला बसवू नका.

सीट कशी हवी

विदेशात मूल नेण्यासाठी सायकलला लावायच्या वस्तू पुष्कळ प्रकारच्या मिळतात. पुढची सीट, मागची सीट, मागे ओढायचा छोटा डबा, मोठ्या सायकलला जोडायची अर्धी सायकल. यातला मागे ओढायचा डबा आपल्या रस्त्यांवर नको. तो इतका खाली असतो की ट्रकवाल्याला आणि बसवाल्याला दिसतच नाही. जोडायची अर्धी सायकल मोकळ्या, सपाट रस्त्यासाठी ठीक. आपल्याकडे सिमेंट रस्त्याची कड बाजूच्या मातीपेक्षा वितभर उंच असते. त्या कडेवरून एक चाक घसरलं की दोन्ही सायकली जातील. आपल्या कामाची वस्तू म्हणजे मागच्या कॅरिअरवर पक्की बसणारी सीट.

चांगल्या सीटला चार गोष्टी हव्यात. पाठीला खांद्यापर्यंत उंच आधार. खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा पट्टा. पाऊल ठेवायला दोन्ही बाजूंना खोलगट जागा आणि पाऊल बांधायला छोटा पट्टा. आणि पाय व चाक यांच्यामध्ये आडवा पडदा. यांतली चौथी गोष्ट नसेल तर बाकीच्या तिन्ही अपुऱ्या आहेत. युरोपातल्या मानकाप्रमाणे मागची सीट साधारण बावीस किलोपर्यंतच्या आणि पुढची पंधरा किलोपर्यंतच्या मुलासाठी असते. आपल्या साध्या कॅरिअरला तेवढं वजन झेपतं का, हे मात्र मिस्त्रीला विचारूनच ठरवा. कॅरिअरचे नट महिन्यातून एकदा कसून घ्या.

एक वर्षाखालचं मूल सायकलवर बसवू नका. मान धरली, आधाराशिवाय बसू लागलं, तरी रस्त्याचे धक्के सोसायला त्याची मान आणि पाठ तयार नसते. मुलाला पाठीला किंवा पोटाशी बांधून सायकल चालवणं तर नकोच. पडलात तर दोघं एकदम पडाल आणि आईचं वजन मुलावर येईल. एका वर्षानंतर डोक्याच्या मापाचं हेल्मेट घाला. मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवलं तर ते डोळ्यांवर येतं आणि पडताना निघून जातं.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा. स्टँडवर उभ्या सायकलवर मुलाला एकटं सोडायचं नाही, दूध घ्यायला सुद्धा नाही, एका मिनिटासाठी सुद्धा नाही. चालत्या सायकलची आपल्याला भीती वाटते, पण कितीतरी मुलं उभी सायकल कलंडून पडतात. मुलाला सगळ्यात शेवटी बसवायचं आणि सगळ्यात आधी उतरवायचं. ओढणीची टोकं कमरेत खोचा, पदर घट्ट बांधा. ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो आणि मग आई आणि मूल दोघंही जातात.

आता पैशांचं. अशी सीट घ्यायला गेलं तर काही हजार लागतात. ज्या बाईने जुनी सायकलच कशीबशी घेतली तिला हे ऐकवणं म्हणजे थट्टा करणं आहे. म्हणून सीट नसेल तर निदान एवढं करा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, कॅरिअरच्या पायापासून मडगार्डच्या काडीपर्यंत, जाड प्लास्टिकची किंवा तारेची जाळी बसवून घ्या. जाळी चाकाला घासणार नाही इतकी ताणलेली आणि मुलाचं बोट आत जाणार नाही इतकी बारीक हवी. आसाजवळ पाय टेकवायला दोन लोखंडी खुंट्या लावून घ्या. कोणताही वेल्डिंगवाला हे तासाभरात करून देतो. मुलाच्या पायात चपलेऐवजी बंद बूट घाला. बूट चिरडण्यापासून पूर्ण वाचवत नाही, पण टाचेची कातडी पुष्कळदा वाचवतो.

मोटारसायकलला नियम, सायकलला का नाही?

इथून पुढचं सरकारला.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण असलंच पाहिजे, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाणार नाहीत. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते या नियमामुळे आलेलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि वर्षभराने ती लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधलेला पट्टा हवा, मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी चाळीसच्या वर नको.

म्हणजे मोटारसायकलवर बसलेल्या बाईच्या साडीचा विचार सरकारने केला. मुलाच्या डोक्याचाही केला. पण सायकलवर बसलेल्या मुलाच्या पावलाचा केला नाही. दुकानात आजही कॅरिअर लावलेली नवी कोरी सायकल मिळते, जिच्यावर मूल बसणार हे बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असतं. तरी तिला जाळी नसते आणि पाय ठेवायला जागा नसते.

सायकल हे गरिबाचं वाहन, तिच्यावर नियम लादले तर ती महाग होईल, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो खोटा आहे, कारण नियम करता येतात हे सरकारनेच दाखवलं. सायकलला रिफ्लेक्टर हवेत यासाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. रात्री सायकलस्वार दिसावा म्हणून जे करता आलं ते दिवसा मुलाचं पाऊल वाचावं म्हणून का करता येऊ नये? कारखान्यातच जाळी बसवली तर तिचा खर्च एका प्लास्टिकच्या तुकड्याचा. तो खर्च कंपनीने केला नाही की तो मुलाच्या टाचेतून वसूल होतो. कॅरिअर लावलेली कोणतीही सायकल मागच्या चाकाचं आवरण आणि पायटेका असल्याशिवाय विकायची नाही, ही मागणी आपण केली पाहिजे.

दुसरी मागणी शहराकडे. 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' या केंद्राच्या उपक्रमात २०२१ साली निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर होतं. सायकलसाठी शहराचा गौरव झाला, आनंद आहे. पण सायकलच्या फलकावर नेहमी कोण दिसतं? पहाटे फुटाळ्यावर किंवा सेमिनरी हिल्सकडे गिअरची सायकल घेऊन निघालेला, हेल्मेट घातलेला तरुण. व्यायामाला निघालेला तो आपलाच भाऊ आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण कामठी रोडवर ट्रकच्या बाजूने कॅरिअरवर लेकरू घेऊन जाणारी बाई ही शहराची रोजची सायकलस्वार आहे. सायकलचा मार्ग तिच्या घरापासून तिच्या कामापर्यंत हवा. तलावाभोवतीच्या चकरेने तिचा प्रश्न सुटत नाही.

नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं मेली होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" हेच त्या चळवळीचं नाव होतं. रस्ते बदलले ते त्या रेट्यामुळे, आईबापांच्या दक्षतेमुळे नव्हे. तिथल्या आया आपल्या आयांपेक्षा जास्त लक्ष देणाऱ्या आहेत असं काही नाही. त्यांच्या सायकलला आवरण आहे आणि त्यांच्या रस्त्याला कडेने वेगळी जागा आहे.

आपल्या हातातलं काम

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपण हात बांधून बसायचं नाही.

जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब तिथे म्हणाले. त्या परिषदेचे ठराव वाचा. घटस्फोटाच्या हक्काबरोबरच गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना रजा हवी, कामावर इजा झाली तर भरपाई हवी, अशा मागण्या त्यात आहेत. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या आज्या इतक्या बारकाईने कष्टकरी बाईच्या शरीराचा विचार करत होत्या. रजा आणि इजेची भरपाई हे विषय त्यांना परिषदेच्या मंचावर मांडण्याइतके मोठे वाटले. मग सायकलची जाळी आपल्याला क्षुल्लक का वाटावी?

विहार समित्यांना माझा प्रस्ताव असा. महिन्यातला एक रविवार वंदनेनंतर तासभर सायकलींसाठी ठेवा. वस्तीतला सायकल मिस्त्री आणि एक वेल्डिंगवाला बोलवा, त्यांची मजुरी समितीने द्यावी. ज्या ज्या सायकलवर मूल बसतं तिला जाळी आणि पायटेका बसवून द्या, ब्रेक पाहून द्या. समता सैनिक दलाचे तरुण दर रविवारी असतातच, त्यांनी घरोघरी जाऊन अशा सायकलींची यादी करावी.

महिला बचत गटांनी चार-पाच चांगल्या सीट एकत्र विकत घ्याव्यात. मूल एका सीटवर दोन-अडीच वर्षं बसतं, मग ती सीट माळ्यावर धूळ खाते. ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरली तर पाच सीटमध्ये दहा वर्षांत वीस मुलं बसतील. महिना थोडं भाडं ठेवा, त्यातून दुरुस्ती होईल. जयंतीच्या वर्गणीतून एका डीजेच्या रात्रीचा खर्च वाचवला तर किती सीट येतील, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या वस्तीत करावा. मला वाईट ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा.

आशाताई आणि अंगणवाडीताईंना विनंती. लसीकरणाला आई आली की तिला एक प्रश्न जास्तीचा विचारा, मूल सायकलवर कसं बसतं? आणि चाकात पाय गेल्याचं कळलं की दोन दिवसांनी त्या घरी चक्कर टाका. पट्टी सोडायला लावा. त्या एका चकरेने टाच वाचू शकते.

आणि बापांनो, भावांनो, तुम्हालाही एक सांगते. घरात मोटारसायकल असेल तर सकाळी लेकराला आजीकडे सोडायचं काम तुमचं का नाही? तुमच्या गाडीला साडीगार्ड आहे, पायटेका आहे. बाईच्या सायकलला काहीच नाही, आणि मूल मात्र तिच्याच सायकलवर असतं. समतेची सुरुवात इथून करायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

अप्पमाद म्हणजे जागरूकता. एकट्या आईने चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे अप्पमाद नव्हे. दुःखाचं कारण दिसलं की सगळ्यांनी मिळून ते काढून टाकणं, हाही अप्पमादच आहे. पुढच्या रविवारी विहारात येताना आपली सायकल घेऊन या. मागच्या चाकाजवळ बसून एकदा पाहा. जाळी नसेल तर त्याच दिवशी लावा.

जयभीम.